प्रार्थना, वाचन आणि दिवसाचे काम

जानेवारी २०२० मध्ये, १० ते १२ तारखेला, उस्मानाबादेत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. जिल्ह्याचे नाव धाराशिव व्हायला अजून तीन वर्षे होती. साहित्यनगरीला गोरोबाकाकांचे नाव होते, उद्घाटनाला ना. धों. महानोर आले होते आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठी साहित्याच्या या मानाच्या खुर्चीवर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ही पहिलीच वेळ. निवडीवर काहींनी आक्षेप घेतले, बंदोबस्तात संमेलन करावे लागले, आणि तरीही मराठवाड्यातल्या वाचकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. त्या दिवसांत वृत्तपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. ती सगळी ‘हा माणूस अध्यक्ष का’ याभोवती फिरत राहिली. हा माणूस वाचतो काय, प्रार्थना कशी करतो, आणि पहाटेच्या त्या प्रार्थनेचे दिवस उजाडल्यावर काय होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

उत्तर त्यांच्या कामात उघडे होते. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. २०१० साली त्यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मधल्या काळात वसईची झाडे, विहिरी आणि शेती वाचवण्यासाठी ‘हरित वसई’च्या लढ्यात ते लोकांबरोबर रस्त्यावर होते. वेदीपाशी उभे राहणे, ग्रंथाशी बसणे आणि रस्त्यावर उतरणे ही तिन्ही कामे त्यांनी एकाच निष्ठेने केली. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्याविषयी लिहावे म्हणून ही प्रस्तावना नाही. पण त्यांनी जे एकत्र धरून ठेवले त्याचाच धागा पुढच्या मननांत आहे, म्हणून आरंभ त्यांच्यापासून.

धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे थोडी. एखाद्या तालुक्याच्या गावी रविवारी उपासनेला बसणारी मंडळी एका खोलीत मावते. सण आला की सोलापूर, बार्शी, लातूरकडचे नातेवाईक आले तर आले. इतक्या थोड्या लोकांसाठी प्रार्थना, उपासना आणि वाचन यांवरच्या मननांचे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, थोडक्यांनाच अशा पुस्तकाची गरज अधिक असते. मोठ्या मंडळीत गायकवृंद गातो, पाळक उपदेश करतात, आणि माणूस नुसता बसून राहिला तरी उपासना पार पडते. जिथे पाळक महिन्यातून एकदा येतात तिथे घरातल्या कोणाला तरी पुस्तक उघडावे लागते, स्तोत्र म्हणावे लागते, प्रार्थना सुरू करावी लागते. ख्रिस्ती धर्म मराठीत टिकला तो मुख्यतः या उघडणाऱ्या हातांनी, अशी माझी धारणा आहे.

हे पुस्तक तेरच्या मुलखात वाचले जाईल, म्हणून गोरोबाकाकांना ओलांडून पुढे जाणे मला शक्य नाही. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे. त्यांच्या दोन कथा इथे लहान मुलांनाही ठाऊक असतात. पहिली कच्च्या मडक्याची. संतमेळा जमला, मुक्ताबाईंनी विचारले, आणि गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. नामदेव रुसले, आणि मडके कच्चे ठरले. मग ते विसोबा खेचरांकडे गेले. ख्रिस्ती वाचकाला ही कथा परकी वाटू नये. देवळात देवाशी बोलणारा, ज्याच्या हातचा नैवेद्य देव जेवतो असा भक्तसुद्धा कच्चा असू शकतो. त्याचा कच्चेपणा भजनात दिसत नाही, डोक्यावर टपली बसली की दिसतो. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हेच वेगळ्या बाजूने सांगितले आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. उपासना अर्ध्यावर सोडून जायला सांगणारी ही आज्ञा आपण उपासनेत किती वेळा वाचतो, आणि कितीदा खरोखर उठून जातो?

दुसरी कथा अवघड आहे. बायको पाण्याला गेली, मूल रांगत आले, गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवत होते आणि मूल पायाखाली आले. परंपरा पुढे सांगते की विठ्ठलाने ते मूल परत दिले. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ही कथा कीर्तनात येते आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. पण मला दरवेळी घागर घेऊन परतणारी ती आई दिसते. प्रार्थनेत हरवणे आणि पायाजवळचे मूल न दिसणे यांतले अंतर किती कमी आहे, हे या कथेइतके धीटपणे सांगणारे फार थोडे मला कुठल्याही धर्माच्या वाङ्मयात आढळले आहे. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसते, मार्था स्वयंपाकाच्या धांदलीत. येशू मरियेची बाजू घेतो, आणि तेवढ्यावरून आपण शतकानुशतके मार्थेला कमी लेखत आलो. त्याच अध्यायात, त्या गोष्टीच्या अगदी आधी, चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला ओलांडून जाणारे दोघे याजक आणि लेवी होते, म्हणजे मंदिराच्या सेवेतली माणसे, हे लूक विसरू देत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच वाचाव्यात असे मला वाटते. या संग्रहातल्या मननांपैकी जी मला सर्वांत मोलाची वाटली ती नेमकी या जागेवर उभी आहेत: प्रार्थना करणाऱ्याला मूल दिसले पाहिजे.

आता वाचनाविषयी. इथे जरा थांबतो, कारण मराठी ख्रिस्ती माणसाचा इतिहास हा बराचसा वाचनाचा इतिहास आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हते. त्यांनी ते मागितले, असे स्टीफन्सच्या ग्रंथातच येते. मागणी उघड होती: प्रार्थना तोंडपाठ झाल्या, पण संध्याकाळी ऐकायचे काय? १६१६ साली रायतूरला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ही त्या मागणीची भरपाई. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिले पुराण आणि दुसरे पुराण अशी मांडणी, छापलेली रोमन लिपीत पण रचलेली मराठी ओवीत. देवळात रविवारी आणि सणांना ते वाचले जाई. पुढे पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली स्थानिक भाषेवर बंदीचे फर्मान काढले. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. तरी लोकांनी हस्तलिखिते जपली, आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो ग्रंथ पुन्हा छापला गेला. गावोगावच्या ज्ञानेश्वरी पारायणात बसणाऱ्या धाराशिवच्या माणसाला याचे मर्म समजावून द्यायला नको. ज्या श्रद्धेला वाचायला पोथी नाही ती घरात फार दिवस राहत नाही.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात ही पोथी आगगाडीत आली. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचीन असा शब्द टिळकांनी दिला होता, म्हणून वाचायला घेतला; डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुढे त्यांना ते पुस्तक खाली ठेवता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्याही सुमारे पंधराशे वर्षे आधी मिलानच्या एका बागेत ऑगस्टिनचे असेच झाले होते. शेजारच्या घरातून मुलाचा आवाज आला, ग्रंथ उचलून वाच म्हणणारा, आणि त्याने पौलाचे पत्र उघडले. दोघांच्या बाबतीत मला एक गोष्ट सारखी दिसते. वाचनाच्या त्या क्षणाला दोघेही कोरे नव्हते. ऑगस्टिन वक्तृत्वाचा आचार्य होता, टिळक तुकोबांच्या अभंगांत वाढलेले कवी होते. आयुष्यभर वाचलेले त्या एका पानापाशी उपयोगी पडले. टिळकांनी तर आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मोकळेपणाने सांगितले, आणि तो पूल कधी मोडला नाही.

पंडिता रमाबाईंचे वाचन याहून खडतर. वडील अनंतशास्त्री डोंगरे पत्नी आणि मुलांना घेऊन देवळादेवळांत पुराणे वाचीत भारतभर फिरले. पुराण वाचावे, लोक ऐकतील, मिळेल त्यावर राहावे. दुष्काळात आईवडील गेले. पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले ते दुष्काळातून आणि विधवेपणातून सुटलेल्या बायका-मुलींसाठी. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षे बसून, बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या बायाबापड्यांना कळावे हा एकच हेतू. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छपाई करायला मुलीच होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या तेव्हा काम हातावेगळे झालेले होते, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला. वाचनाला आपण विसाव्याची गोष्ट समजतो. ज्या मुलीला दुष्काळाने घराबाहेर काढले, तिने शास्त्राचा एकेक खिळा उचलून ओळ लावली, त्या ओळीला आधी हात लागला आणि मग डोळे. प्रार्थना, श्रम आणि वाचन इतके एकजीव झालेले मला दुसरीकडे ठाऊक नाही.

बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचणे, मनन करणे, प्रार्थना करणे आणि मग देवासमोर शांत बसणे. मठात त्यासाठी वेळ राखलेला असे. आपल्याकडे तो वेळ कोणाकडे आहे? वाशी, भूम, कळंबच्या भागातली कुटुंबे दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. भूमच्या खवाभट्टीवर दुधाचे आटवणे पहाटेपासून चालते, हात थांबला की खवा लागतो. अशा माणसाला ‘आपल्या खोलीत जा आणि दार लावून प्रार्थना कर’ हे येशूचे वचन कसे पाळावे? ऊसतोडीवरच्या कोपीला, त्या खोपटाला, दारच नाही. पण ओवी रचणाऱ्या बायकांनाही स्वतंत्र खोली नव्हती. जात्याची पहाट हीच त्यांची खोली होती. म्हणून या संग्रहात मनने मुद्दाम लहान ठेवली आहेत. एक वचन सकाळी ऐकावे, दिवसभर हातांबरोबर चालू द्यावे, रात्री त्यावर दोन शब्द देवाशी बोलावेत. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स हा स्वयंपाकघरात राबत असे आणि भांड्यांच्या खणखणाटात देवाचे सान्निध्य तितकेच असते असे म्हणे. पण तो मठात होता आणि रात्री त्याला उपाशी झोपावे लागत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

उपासनेविषयी थोडक्यात, कारण त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. अहमदनगरच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन आपलेसे केले. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांची गीते आणि टिळकांची भजने यांवर कित्येक पिढ्यांची उपासना वाढली. ‘उपासना संगीत’ आजही घराघरांत आहे, आणि पेटी, ढोलकी, झांज घेऊन बसलेली मंडळी त्यातली भजने पुस्तक न उघडता म्हणते. कॅथलिकांना मराठी मिस्सेसाठी अधिक वाट पाहावी लागली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला तेव्हा लोकभाषेला रीतसर दार उघडले, तोवर लॅटिन. इतक्या कष्टाने मिळालेली भाषा आज मोठ्या आवाजाच्या यंत्रांखाली आणि हिंदी-इंग्रजीतून उचललेल्या गाण्यांखाली दबते आहे. मी नव्या गाण्यांच्या विरुद्ध नाही. परंतु ज्या मंडळीत म्हाताऱ्या माणसाला पाठ असलेले एकही भजन म्हटले जात नाही तिथे त्याची प्रार्थना आपण त्याच्याकडून काढून घेतो, आणि हे मला क्रूर वाटते.

रोजच्या जगण्यात श्रद्धा कशी दिसते हे पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. नवऱ्याने धर्म बदलल्यावर ताटातूट, माहेर-सासरचे दुःख, सोवळ्याशी झालेले त्यांचे स्वतःचे झगडे, आणि एके दिवशी आतूनच उमजलेले की कोणाच्याही हातचे पाणी प्यायला हरकत नाही. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पंगतीत पानावर बसण्याचा निर्णय आधी झाला आणि विधी मागून आला. टिळकांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. दहाअकरा अध्यायांपुढचे साठाहून अधिक अध्याय या शाळा न पाहिलेल्या बाईंनी रचले. श्रद्धेची कसोटी मराठी मुलखात शेवटी पाण्याच्या घागरीशी आणि भाकरीच्या ताटाशी लागते. मंडळीतसुद्धा आडनावावरून बसण्याच्या जागा ठरत असतील तर, यशया आणि आमोस या संदेष्ट्यांच्या शब्दांत, देवाला तो उपवास नको आहे आणि ते गायनही नको आहे.

शेवटचा विषय विलापाचा. इथे मी संपादकांकडे आग्रह धरला आणि त्यांनी तो मानला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही घरे उन्हाळ्यात थंड राहत म्हणून बांधलेली, ती झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यानंतर मदत आली, घरे उभी राहिली, गावे नव्या जागी वसली. प्रार्थना मात्र पुष्कळांची त्या पहाटेपाशी थांबली. देवाच्या इच्छेने झाले, असे सांगणारे त्या दिवसांत सर्व धर्मांत भेटले. दुःखी माणसाला असे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. बायबलाच्या दीडशे स्तोत्रांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्तोत्रे तक्रारीची, आक्रोशाची आहेत. त्यांपैकी बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. ८८वे वळत नाही. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते, आणि ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ते गाळले नाही. विलापगीत हे पुस्तक तर उद्ध्वस्त नगराचे रडणे आहे, पण मूळ हिब्रूत त्यातली पाचपैकी चार काव्ये अक्षरमालेच्या क्रमाने बांधलेली. दुःखाला धरायला जणू काही रांग हवी होती. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले शब्दही एका आक्रोशाच्या स्तोत्राचा आरंभ आहेत. मग मातीचा ढीग उपसून आपली माणसे काढलेल्या माणसाने देवाला जाब विचारला तर ते अश्रद्धा कसे? ज्याला हाक मारली जाते तो असावा लागतो. दुष्काळाच्या वर्षी टँकरच्या रांगेत पुटपुटलेली शिवीसुद्धा कधी कधी स्तोत्राच्या अगदी जवळची असते.

म्हणून या संग्रहात आभाराच्या मननांशेजारी विलापाची मनने आहेत, आणि त्यांच्या शेवटी कुठेही बळजबरीने समाधान जोडलेले नाही. काहींना ती अपुरी वाटतील. तशी ती ठेवली आहेत.

वाचणाऱ्यांना दोन सूचना. प्रत्येक मननावर शास्त्रपाठाचा अध्याय आणि वचन दिलेले आहे; आधी तो भाग घरातल्या बायबलातून मोठ्याने वाचावा, मग मनन. बायबल कुठल्याही भाषांतराचे चालेल. पंडिता रमाबाईंचे, बायबल सोसायटीचे किंवा दिब्रिटोंचे. आणि घरात वाचता न येणारे कोणी असेल तर वाचनाची वेळ त्यांच्या कामाच्या सोयीने ठरवावी. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याने हे पुस्तक उचलले तर त्याने स्तोत्रांच्या भागापासून सुरुवात करावी; तिथे त्याला ओळखीचे पुष्कळ भेटेल, आणि जे भेटणार नाही त्याविषयी त्याने शेजारच्या घरी जाऊन विचारावे.